संगणकाच्या आवाजासाठी ट्रान्सफॉर्मर कसा निवडावा?

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालात की वाटेत सोनगीर लागते. वर किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. तांबे कसे ओळखावे आणि किती जाड घ्यावे, हे सोनगीरच्या माणसाला शिकवायला नको. आज मी तांब्याबद्दलच लिहिणार आहे, पण हे तांबे हंड्या-कळशीचे नव्हे. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारेचे हे तांबे आहे.

विषय थोडा अडगळीतला वाटेल, म्हणून त्याचे प्रयोजन आधी सांगतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत कपाटावर जुन्या कॅसेटींचा एक डबा असतो. १९८० नंतरच्या दशकात घरोघर टेपरेकॉर्डर आला. तेव्हा कुणी आखाजीची गाणी भरून ठेवली, कुणी कानबाईची, तर कुणी लग्नातल्या हळदीच्या वेळची. अहिराणीतली ही गाणी पुस्तकांत थोडी सापडतात; पण ज्या गळ्यांतून ती निघाली ते गळे फक्त त्या फितीवरच आहेत. आता फिती जीर्ण होत चालल्या. म्हणून तरुण मंडळी त्या संगणकावर उतरवून घेतात. पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा संगणक, त्याला जोडलेली एक ध्वनिपेटी (बाजारात तिला साउंड इंटरफेस म्हणतात) आणि शेजारी कॅसेट प्लेअर, एवढ्यावर काम भागते. मात्र पुष्कळदा आजीच्या आवाजाबरोबर एक अखंड 'घूं' असा आवाजही उतरतो, आणि तो आवाज विजेचा असतो.

संगणकावर नंतर तो पुसता येतो असे कुणी सांगेल. काही अंशी येतोही; पण त्याबरोबर आवाजातला खर्जही थोडा पुसला जातो. शिवाय जीर्ण फीत किती वेळा फिरवणार? पहिल्याच खेपेला स्वच्छ उतरली तर उतरली. म्हणून काही हौशी लोक या यंत्रांसाठी ट्रान्सफॉर्मरचा वीजपुरवठा घरीच बांधतात. तो बांधताना पहिली अडचण येते ती दुकानदाराच्या प्रश्नाची: "सर, कितीचा देऊ?" या एका प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला काढायचे आहे. मी कलाशाखेचा प्राध्यापक. तेव्हा गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही, याची खात्री बाळगा.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला माहीत आहे. गावाबाहेर खांबावर असते ती डीपी. सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात. ११ हजार व्होल्टची वीज तिथे उतरते आणि घरात २३० व्होल्ट होऊन येते. आपल्याला हवे ते तिचेच तळहाताएवढे भावंड. १८३१ साली फॅरडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातली वीज चालू-बंद केली की दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते, असे त्याने दाखवले. दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा काही संबंध नाही, फक्त लोखंडातले चुंबकत्व हा दुवा. हा 'संबंध नसणे' फार महत्त्वाचा आहे, पुढे तो जिवावरचा प्रश्न होणार आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असल्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज सतत उमटत राहते. पहिल्यात १००० वेढे आणि दुसऱ्यात ४० असतील तर व्होल्टही त्याच प्रमाणात उतरतात.

आता कुणी विचारील की मोबाईलच्या चार्जरसारखा आयता अडॅप्टर का नको? चांगल्या बनावटीचा असेल तर खुशाल वापरा. ट्रान्सफॉर्मर म्हटले की आवाज आपोआप 'मधुर' होतो, ही भाविकांची समजूत आहे. पण स्वस्तातल्या दोन पायांच्या अडॅप्टरमध्ये एक खोड असते. आतली खरखर दाबण्यासाठी त्यात विजेच्या मुख्य बाजूकडून आपल्या बाजूला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, आणि त्यातून अगदी किंचित वीज पलीकडे झिरपते. कॅसेट प्लेअरच्या धातूच्या अंगाला उलट्या हाताने स्पर्श केला तर मुंग्या येतात, त्या याच. ही झिरपलेली वीज जोडणीच्या तारेतून वाट काढते आणि गाण्यात उतरते. आपला ट्रान्सफॉर्मर ही झिरप थांबवणारा हवा.

चला तर, आकड्यांकडे वळू. छोटा संगणक आणि ध्वनिपेटी मिळून ५ व्होल्टवर २ अँपिअर लागतात असे धरू. तुमचा आकडा वेगळा असेल; यंत्रावर लिहिलेले कमाल अँपिअर बघून बेरीज करा. ५ व्होल्ट हवेत म्हणून ५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला तर काम होणार नाही. वाटेत टोलनाके आहेत. उलटसुलट वीज सरळ करणारे डायोड आपला वाटा घेतात. शॉट्की जातीचे चार डायोड पुलासारखे जोडले तर एका वेळी दोनांतून वीज जाते आणि सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. साधे सिलिकॉनचे असतील तर २ धरा. पुढे पाचावर पाच राखणारा रेग्युलेटर येतो. ७८०५ हा तीन पायांचा सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो एक-दीड अँपिअरच्या पुढे थकतो. २ अँपिअरला एलएम ३३८ सारखा घ्यावा. त्याला काम करण्यासाठी स्वतःच्या डोक्यावर सुमारे ३ व्होल्ट मोकळे लागतात. शिवाय मधल्या कपॅसिटरवरचे व्होल्ट स्थिर नसतात. ते सेकंदाला १०० वेळा भरतात आणि ओसरतात. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २ अँपिअर घेतले तर ही ओहोटी जास्तीत जास्त २ व्होल्टची होते. आता बेरीज करा: ५ आणि ३ आणि २ आणि १. झाले ११.

हे ११ व्होल्ट म्हणजे लाटेची शीर. ट्रान्सफॉर्मरवर लिहितात तो आकडा शिरेचा नसतो, तिच्या सुमारे ७० टक्क्यांचा असतो. ११ ला १.४१ ने भागले की ७.८ येतात. मग ८ व्होल्टचा घ्यावा का?

इथे पुस्तक बंद करून खिडकीबाहेर बघावे लागते. पुस्तकातली वीज २३० व्होल्टची असते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला वरखाली सहा टक्क्यांची मुभा होती, म्हणजे २१६ ते २४४. पण लाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याने, आजूबाजूच्या विहिरींवर मोटारी चालू असताना आपल्या घरात मीटर लावून बघावा. पंखा रेंगाळतो, दिवा पिवळा पडतो, हे आपण पाहतोच. आणि रात्री सगळे बंद झाले की तोच काटा पार वर जातो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर निवडायचा तो आपल्या घरातल्या सर्वांत वाईट संध्याकाळी चालेल असा. खोक्यावरचा २३० चा आकडा इथे उपयोगाचा नाही. मी किमान २०० धरतो. २०० व्होल्टला ७.८ मिळायचे असतील तर २३० ला किती? ७.८ गुणिले २३०, भागिले २००, म्हणजे जवळजवळ ९. आणि ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बाजारात सहज मिळतो. आणखी एक बारकावा: हल्ली घराघरांतल्या संगणक-टीव्हींमुळे विजेच्या लाटेची शीर थोडी चपटी झालेली असते. पण वर आपण रेग्युलेटरचे ३ आणि ओहोटीचे २ जरा सढळ हाताने धरले आहेत, त्यात ते भागून जाते.

पुष्कळ जण म्हणतात, कशाला काटकसर, १२ चा घ्या, वर राहील तेवढे बरे. हा सल्ला आपल्या मुलखात महागात पडतो. वरचे राहिलेले व्होल्ट जातात कुठे? रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन. ९ चा असेल तर साधारण पावणेसहा व्होल्ट उरतात; दोन अँपिअरने गुणले की ११ वॅट. १२ चा असेल तर दहा व्होल्ट उरतात, म्हणजे २० वॅट. वीस वॅट म्हणजे डाग देण्याची कल्हईवाल्याची लहान इस्तरीच म्हणा ना! बंद डब्यात, मे महिन्यात, सावलीतला पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना ही उष्णता जायची कुठे?

वरच्या टोकाचाही हिशेब करून ठेवू. रात्री २५० व्होल्ट आले आणि संगणक बंद असला, तर ९ चा ट्रान्सफॉर्मर रिकामपणी पावणेअकरा-अकरा देतो, त्याची शीर १५ च्या पुढे जाते. म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर काठावरचा ठरतो. २५ चा घ्यावा.

व्होल्ट ठरले. आता अँपिअर. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. दोन अँपिअर लागतात, तर "९ व्होल्ट, २ अँपिअर" अशी चिठ्ठी असलेला ट्रान्सफॉर्मर पुरेसा वाटतो. तो पुरत नाही. कारण समजायला नळाचे उदाहरण घ्या. गावात नळाला दिवसातून अर्धा तास पाणी येते, आणि घर मात्र दिवसभर पाणी वापरते. त्या अर्ध्या तासात दिवसभराचे पाणी टाकीत भरायचे, तर धार जोराची हवी आणि नळ जाड हवा. कपॅसिटर ही आपली टाकी. लाटेची शीर येते तेवढ्याच क्षणात तो भरून घेतो, बाकीचा वेळ डायोड बंद. सरासरी दोन अँपिअर असले तरी तारेतून ते धक्क्याधक्क्याने जातात. आणि तारेची उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सतत २ अँपिअर वाहिले तर उष्णता ४ मापे. अर्धाच वेळ ४ अँपिअर वाहिले तर सरासरी तीच, पण उष्णता १६ ची निम्मी, म्हणजे ८ मापे. दुप्पट! प्रत्यक्षात वेळ अर्ध्याहूनही कमी असतो. म्हणून कसलेले लोक बाहेरच्या करंटला १.६ ते १.८ ने गुणतात. आपले २ अँपिअर ट्रान्सफॉर्मरच्या लेखी साडेतीन अँपिअरच्या घरात जातात. ९ व्होल्ट गुणिले ३.६ म्हणजे ३२ व्होल्ट-अँपिअर. उन्हाळ्याचा विचार करून ५० चा घ्यावा. १०० चा घेऊ नये: त्याचे चुंबकीय क्षेत्रही दांडगे, आणि तेच आपल्याला त्रास देणार आहे.

याच कारणाने कपॅसिटर उगाच मोठा करण्यातही हशील नाही. टाकी जितकी मोठी तितके धक्के तीव्र. १०,००० मायक्रोफॅरड पुरे.

बाजारात '९-०-९' लिहिलेले, तीन तारांचे ट्रान्सफॉर्मर जास्त दिसतात. तेही चालतात. मधली तार समाईक धरून दोनच डायोड लावायचे. मग एका वेळी एकाच डायोडचा टोल पडतो, म्हणून साधे डायोडही चालतात. प्रत्येक अर्धे वेटोळे आळीपाळीने काम करते. असा घेतलात तर ३ अँपिअरचा शिक्का असलेला घ्यावा.

शिक्क्यावर मात्र विश्वास किती ठेवायचा? पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, की आपल्या धुळ्या-जळगावच्या दुकानात जा. एकाच शिक्क्याचे दोन ट्रान्सफॉर्मर हातात घेतले तर एक दुसऱ्याहून निम्म्या वजनाचा निघतो. सोनगीरचा ग्राहक भांडे घेताना आधी ते हातात तोलतो, तेच इथे करावे. हलका निघाला तर लोखंड तरी कमी आहे किंवा तारेत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम तरी आहे. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, तेव्हा त्याच जाडीची तार तितकी जास्त तापते. टोकाच्या तारेवरचा मुलामा चाकूने किंचित खरवडून बघा, रंग सांगून जातो.

याहून खात्रीची परीक्षा दिव्याची. मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन दिवे समांतर जोडून ९ व्होल्टवर लावले की ते मिळून साधारण ३ अँपिअर ओढतात. दिवे लावण्यापूर्वी व्होल्ट मोजा, लावल्यावर मोजा. रिकामपणी दहाच्या आसपास आणि दिव्यांवर नऊ, असे आले तर माल खरा. रिकामपणी नऊ आणि दिव्यांवर साडेसात आले तर शिक्का रिकामपणीचा आहे, परत करा. मग दिवे तसेच दोन तास ठेवून, वीज बंद करून, वरचे तापमान बघा. यात एक हिशेब चुकवू नका. परीक्षा जानेवारीत २० अंशांना घेतली आणि ट्रान्सफॉर्मर ५५ ला गेला, तर तो आजूबाजूच्या हवेहून ३५ अंश वर गेला. मे महिन्यात ४५ अधिक ३५, म्हणजे ८०. आणि आतली वेटोळी त्याहूनही गरम. जुन्या पद्धतीचा तारेवरचा मुलामा आणि कागद १०५ अंशांपर्यंतचे असतात. थंडीत हात लावून "कोमट आहे" म्हणणे हे आपल्या भागात प्रमाणपत्र नव्हे.

भंगारातला माल घ्यावा का? जपून. संगणकाच्या जुन्या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर दिसायला दणकट असतो, पण तो वीज गेल्यावर काही मिनिटे तग धरण्यापुरता बांधलेला असतो. दिवसभर जुंपला तर तापतो आणि गुरगुरतो. आणि स्टॅबिलायझरमधला तर कधीच, कदापि घेऊ नये. त्यात बहुधा दोन वेटोळी नसतातच. एकाच वेटोळ्याला मध्ये फाटे काढलेले असतात. फॅरडेच्या कड्यावरचा तो 'संबंध नसणे' तिथे नाही. त्याच्या ९ व्होल्टच्या तारेला हात लावणे म्हणजे घरच्या मुख्य विजेला हात लावणे होय. यात माणूस दगावतो. कुठलाही जुना ट्रान्सफॉर्मर घेताना मीटर लावून बघा: पहिल्या वेटोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि दोन्हींपासून लोखंडापर्यंत, काहीही जोड दिसता कामा नये.

आकाराचा प्रश्न उरला. वळ्यासारखा गोल, म्हणजे टोरॉइड, की इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या पट्ट्यांचा चौकोनी? गोलाचे चुंबकत्व बाहेर कमी सांडते, हे खरे. म्हणून श्रवणवेडे लोक त्याच्यावर भाळतात. पण त्यात दुसरे वेटोळे पहिल्याच्या अंगावरच गुंडाळलेले असते. दोन्ही इतकी जवळ आली की त्यांच्यामध्ये नकळत एक कपॅसिटर तयार होतो आणि मुख्य विजेची खरखर त्यातून पलीकडे जाते. ज्या झिरपेपासून पळालो ती पुन्हा समोर! शिवाय गोलाच्या मधला बोल्ट डब्याच्या तळाला आणि झाकणाला, दोन्हीकडे टेकला तर डबाच एका वेढ्याचे वेटोळे होतो आणि भलताच करंट वाहतो. आपल्या कामाला मी चौकोनी पसंत करतो. त्यातही ज्याच्या बॉबिनला मधोमध भिंत असून एका कप्प्यात पहिले आणि दुसऱ्यात दुसरे वेटोळे असते, असा. त्यात झिरप फार थोडी, आणि मुलामा जळाला तरी दोन वेटोळी एकमेकांना भिडण्याची भीती कमी.

असा तयार मिळाला नाही तर? तर आपल्या तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहेच. विहिरीच्या मोटारी जळतात म्हणून ही विद्या खानदेशात टिकून आहे, आणि या कारागिरांचा हात मोठा सफाईचा असतो. त्यांना फक्त नेमके आकडे द्यावे लागतात. गाभ्याच्या मधल्या पायाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये किती, तर व्होल्ट-अँपिअरच्या वर्गमुळाइतके, हा ढोबळ नियम. ५० चे वर्गमूळ ७. एवढ्या गाभ्याला दर व्होल्टला ६ वेढे सांगा. म्हणजे पहिल्यात २३० गुणिले ६, १३८० वेढे. दुसऱ्यात ५४, आणि भाराखाली होणाऱ्या घटीसाठी चार जास्त, म्हणजे ५८. तार पहिल्याला ३० गेजची, दुसऱ्याला १८ ची. कप्प्यात जागा असेल तर १७ ची.

कारागीर म्हणेल, "सर, सहा कशाला? चारमध्ये होऊन जाईल." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, बाजारातले कित्येक ट्रान्सफॉर्मर तसेच असतात. वेढे कमी केले की तार वाचते. पण दर व्होल्टला चार वेढे ठेवले तर लोखंडावरचा चुंबकत्वाचा भार दीडपट होतो. रात्री २५० व्होल्ट आले की लोखंडाचे पोट भरते, आणि न मावलेले चुंबकत्व बाहेर सांडते. दिव्याला, पंख्याला, घंटीला त्याचे काही नाही. आपल्या शेजारी मात्र कॅसेट प्लेअर आहे. त्याचे हेड म्हणजे चुंबकत्व ऐकण्यासाठीच बनवलेला कान. फितीवरून त्याला मिळते ते एका मिलिव्होल्टहूनही कमी. ट्रान्सफॉर्मरचे सांडलेले चुंबकत्व त्याच्यापर्यंत पोचले की तो ते इमानाने ऐकतो आणि गाण्यात मिसळतो. म्हणून सहा वेढे. थोडे तांबे जास्त जाईल, जाऊ द्या. पट्ट्या एकाआड एक उलटसुलट घालायला सांगा, बोल्ट घट्ट आवळून व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायला सांगा, आणि शेवटी मेगर लावून घ्या. मेगर त्यांच्याकडे असतोच.

आता सोनगीरच्या तांब्याचे खरे काम. चौकोनी ट्रान्सफॉर्मरचे सांडणे कमी करायला एक जुनी युक्ती आहे. तांब्याच्या पत्र्याची पट्टी घ्यायची, वेटोळ्याच्या उंचीएवढी रुंद. ती गाभ्याच्या बाहेरून, वेटोळ्याच्या दिशेने पूर्ण ट्रान्सफॉर्मरभोवती कंबरपट्ट्यासारखी गुंडाळायची आणि दोन्ही टोके डाग देऊन जोडायची. गाभ्याच्या आत फिरणाऱ्या चुंबकत्वाला ती दिसत नाही, कारण ते जाते तसेच परत येते. जे बाहेर सांडते तेवढेच पट्टीत वीज उत्पन्न करते, आणि ती वीज त्या सांडलेल्यालाच विरोध करते. भांडी घडवताना निघालेल्या पत्र्याच्या कात्रणात हा पट्टा होऊन जाईल. मात्र एक भेद पक्का लक्षात ठेवा. काही जण दोन वेटोळ्यांच्या मधेही तांब्याचा पातळ पडदा घालतात. त्या पडद्याची टोके कधीच जोडायची नाहीत, एकावर एक आली तर मध्ये कागद हवा. नाहीतर तोच एका वेढ्याचा शॉर्ट होईल आणि ट्रान्सफॉर्मर जळेल. बाहेरचा पट्टा बंद, आतला पडदा उघडा.

जोडणीच्या वेळी पहिल्या वेटोळ्याच्या फेज तारेत ३१५ मिलिअँपिअरचा, सावकाश वितळणारा फ्यूज घाला. सुरुवातीच्या धक्क्याने तो उगाच जात नाही. डबा धातूचा असेल तर तीन पायांचा प्लग, आणि अर्थिंगची तार डब्याला आणि गाभ्याला दोन्हींना. पहिल्यांदा वीज देताना दुरुस्तीवाल्यांचा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे ६० वॅटचा साधा दिवा मध्ये ठेवायचा. दिवा क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

एका गोष्टीबद्दल मला कडक बोलले पाहिजे. गुणगुण जात नाही म्हटले की कुणीतरी शहाणा सांगतो, प्लगचा अर्थिंगचा पाय काढून टाका, आवाज थांबेल. कधीकधी थांबतोही. कारण संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन ठिकाणी अर्थ झालेले असले की तारेचा एक फेरा तयार होतो आणि त्यात गुणगुण फिरते. पण त्यावर उपाय अर्थिंग तोडणे हा नव्हे. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावा, जोडणीच्या तारा आखूड ठेवा. फेरा लहान झाला की गुणगुण बसते. अर्थिंग तोडलेल्या डब्यात एक दिवस तारेचा मुलामा गेला, तर हेडफोन लावून बसलेल्या पोराच्या डोक्यापर्यंत वीज पोचायला अडवणारे काही उरत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतत जा, तेही याच खात्यात येते.

उरलेली गुणगुण कानाने ओळखता येते. अगदी खर्जातली, गुळगुळीत 'घूं' असेल तर ती ५० ची, म्हणजे चुंबकत्वाची किंवा अर्थिंगच्या फेऱ्याची. तिच्या वरच्या सप्तकातली, जराशी खरखरीत 'झर्र' असेल तर ती १०० ची, म्हणजे कपॅसिटर किंवा रेग्युलेटर कमी पडतो आहे. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावरच 'झर्र' येत असेल तर व्होल्ट अपुरे आहेत. आपले ९ तिथे पुरत नाहीत, १० चा घ्यावा लागेल. रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेत असाल तर दुसऱ्या वेटोळ्याला ९ आणि १० असे दोन फाटे आधीच काढून ठेवावेत, खर्च काही वाढत नाही.

'घूं' असेल तर ट्रान्सफॉर्मर दूर सरकवा. अंतर दुप्पट केले की सांडलेले चुंबकत्व सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे हातभर लांब ठेवणे हे महागड्या लोखंडी पेटीपेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा सरस. ५ व्होल्टची तार त्यासाठी लांब करावी लागली तर जाड घ्या, नाहीतर वाटेतच अर्धा व्होल्ट जाईल. मग कॅसेट प्लेअरमध्ये कोरी कॅसेट चालू करून हेडफोन कानाला लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्सफॉर्मरचा बंद डबा जागच्या जागी हळूहळू फिरवायला सांगा. एका दिशेला 'घूं' वाढेल, एका दिशेला जवळजवळ नाहीशी होईल. त्या दिशेला फळीवर पेन्सिलीने खूण करा, आणि डबा तिथेच स्क्रूने पक्का बसवा.